पासवर्ड सगळ्यांचा, आळ एकावर

आमच्या ऑफिसात खिडकीजवळच्या मॉनिटरला एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर निळ्या स्केचपेनने ई-वे बिलाचा (गाडीबरोबर लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) युजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेला. अक्षर माझं. १ एप्रिल २०१८ ला राज्याबाहेर जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल सक्तीचं झालं, त्या आठवड्यात मी तो लिहिला आणि पाच वर्षांहून जास्त तो तिथेच राहिला. त्या पुठ्ठ्यामुळे एका मुलाची नोकरी गेली. हे लिहायला मला बराच वेळ लागला, पण आता लिहिते.

मी धुळ्यात नगावबारीकडच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करते. २००९ साली बिल्ट्या (मालाच्या पावत्या) टाइप करायला लागले, आता ऑफिसचं सगळं पाहते. आमच्या स्वतःच्या सव्वीस गाड्या, बाकी लागतील तशा बाजारातून. कापसाच्या हंगामात जिनिंगवरून गाठी मुंबईकडे आणि न्हावा शेव्याच्या बंदरात जातात. दोंडाईचा-नंदुरबारकडची मिरची असते. वर्षभर सावदा-रावेरकडून केळीचे रिफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इथे दर चौथ्या घरातलं कुणीतरी गाडीवर, गॅरेजवर नाहीतर आमच्यासारख्या ऑफिसात असतं. आमचे मालक, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, ते स्वतः ड्रायव्हर होते. लळिंगचा घाट त्यांनी किती वेळा उतरला याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही.

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. शंभर गाठींची गाडी संध्याकाळी धुळ्याहून सुटली. एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे सतरा टन माल, किंमत तीस लाखांच्या आसपास. रात्री उशिरा शहापूरच्या पुढे जीएसटीच्या भरारी पथकाने गाडी थांबवली. ड्रायव्हरने कागद दाखवला. साहेबांनी नंबर तपासला आणि म्हणाले, हे बिल रद्द झालंय.

मला फोन आला तेव्हा मी झोपेत होते. मी घरूनच लॉगिन करून पाहिलं. बिल दुपारी बनलं होतं आणि संध्याकाळी सहा वाजून काही मिनिटांनी रद्द झालं होतं. बनवल्यापासून चोवीस तासांच्या आत ते रद्द करता येतं, तसं कुणीतरी केलं होतं. कुणी, ते पोर्टलवर दिसत होतं: आमचा आयडी. तो आयडी मी, आप्पा, हिशेबनीस, लोडिंगवरचा सुपरवायझर आणि नवा ऑपरेटर असे पाच जण वापरत होतो. पाचही जणांचं नाव तेच.

माल सोडवायला कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. रुईवर ५ टक्के कर, म्हणजे दीड लाख, त्याची दुप्पट तीन लाख. पार्टीने, म्हणजे ज्याचा माल होता त्याने, भरला आणि आमच्या भाड्यातून कापून घेतला. गाडी तीन दिवस उभी राहिली ती वेगळीच.

नवा ऑपरेटर साक्री तालुक्यातला, बावीस वर्षांचा. पगार साडेनऊ हजार. दोनच दिवसांपूर्वी त्याने पगारवाढ मागितली होती आणि आप्पांनी 'हंगाम संपू दे' म्हणून परत पाठवलं होतं. एवढं पुरलं. त्याने रागाने केलं, असं ऑफिसात सगळ्यांनी मनाशी धरलं. तो उभा राहून अहिराणीत एकच विचारत होता, ''ताई, मी काय चोर शे का?'' मी उत्तर दिलं नाही. त्याने ड्रॉवरमधून डबा काढला, गळ्याला रुमाल गुंडाळला आणि गेला. त्याचा त्या महिन्याचा पगारही अडकवून ठेवला. त्या दिवशी मी बोलले असते तर आप्पांनी ऐकलं असतं. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

खरं काय ते पुढच्या ऑगस्टमध्ये कळलं, तेही अचानक. आप्पांचा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. गणपतीच्या आधी तो घरी आला, त्याने नवा फोन घेतला होता आणि जुन्यातली माहिती नव्यात टाकून द्या म्हणून माझ्याकडे बसला. त्यात त्या पार्टीच्या क्लार्कचा डिसेंबरमधला मेसेज दिसला. झालं असं होतं की त्या दुपारी पहिलं बिल चुकीच्या रकमेचं बनलं. रक्कम नंतर बदलता येत नाही, म्हणून दुसरं बरोबर बनवलं. पहिलं रद्द करायचं राहिलं. पार्टीच्या क्लार्कने पुतण्याला दोन्ही नंबर पाठवून 'एक रद्द करा, चुकीचं आहे' एवढंच लिहिलं. पुतण्या दिवाळीत आठ दिवस ऑफिसात बसला होता, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये होताच. मित्रांबरोबर चहा पिता पिता त्याने एक नंबर टाकला आणि रद्द केलं. बरोबर असलेलं गेलं, चुकीचं जिवंत राहिलं. पुढे काय झालं हे त्याला कुणी सांगितलंच नाही, आणि त्याच्याकडे लॉगिन आहे हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मेसेज मी तीनदा वाचला. मग उठून आधी तो पुठ्ठा काढला.

सायबर सुरक्षा हा शब्द ऐकला की लोकांना वाटतं, परदेशात कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बसलेला हॅकर. तो असतोच, त्याच्याबद्दल पुढे सांगते. पण ट्रान्सपोर्टमध्ये पहिला मार खातो तो आपलाच प्रामाणिक माणूस. चौघांचा एकच आयडी असेल तर चूक कुणाची हे शोधता येत नाही, आणि शोधता आलं नाही की आळ सगळ्यात गरिबावर, सगळ्यात नव्यावर येतो. वेगळा आयडी म्हणजे त्या माणसाच्या हातातली पावती. 'हे मी केलेलं नाही' असं म्हणताना त्याला ती दाखवता येते.

आमच्याकडे मात्र याचा अर्थ उलटा लावतात. पासवर्ड दिला नाही की 'आमच्यावर भरोसा नाही का?' आप्पांनीही आधी तेच म्हटलं. ''आपलाच मानूस शे ना तो, त्याले कसाले लपाडानं?'' मी म्हटलं, आप्पा, गाडी देता तेव्हा किल्ली देता, पण ट्रिपशीटवर त्याची सही घेता ना? गाडी कोण चालवत होता हे तुम्हाला माहीत हवंच असतं. कॉम्प्युटरवर कोण बसला होता तेही तसंच. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी म्हणाले, कर तुला काय करायचं ते.

ई-वे बिलाच्या पोर्टलवर सब-युजर बनवायची सोय आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. मुख्य खात्यातून प्रत्येकासाठी वेगळा आयडी काढायचा, त्याचाच मोबाईल नंबर द्यायचा, आणि कुणाला काय करू द्यायचं ते निवडायचं. बिल बनवणं, दुसऱ्याने आपल्या नावावर टाकलेलं बिल नाकारणं, अहवाल पाहणं, असं वेगवेगळं देता येतं. हिशेबनिसाला बिल बनवायचं नसतंच, त्याला अहवाल पुरतो. माणूस काम सोडून गेला की त्याचा आयडी गोठवता येतो. मी हे त्याच संध्याकाळी करते, निरोपाचा चहा झाला की. कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यासमोरच करते आणि सांगते, आता इथे काही बिघडलं तर तुझं नाव येणार नाही. आजवर एकानेही वाईट वाटून घेतलेलं नाही.

रद्द करण्यासाठी आम्ही आमचा नियम केला. ज्याला रद्द करायचंय त्याने बिलाचा बाराअंकी नंबर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने कागदावर पाहून हो म्हणायचं. सुरुवातीला मुलं हसायची. आता गाडी भरत असताना गेटवरूनही तो आकड्यांचा जप ऐकू येतो.

मग आला ओटीपी. १ जानेवारी २०२५ पासून वीस कोटींवर उलाढाल असलेल्यांना, १ फेब्रुवारीपासून पाच कोटींवर असलेल्यांना आणि १ एप्रिलपासून सगळ्यांनाच पासवर्डनंतर दुसरी ओळख द्यावी लागते. ओटीपी एसएमएसवर येतो, 'संदेस' ॲपवर येतो किंवा 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' ॲपमध्ये दिसतो. आमच्या ओळखीच्या कितीतरी ऑफिसांत त्या दिवसांत गोंधळ झाला, कारण सगळे एकच आयडी वापरत होते आणि ओटीपी मालकाच्या मोबाईलवर जात होता. मालक अमळनेरला लग्नात, फोन पाहुण्यांच्या खोलीत चार्जिंगला, आणि इकडे तीन गाड्या भरून उभ्या. शेवटी काय, मालकाने फोनच ऑफिसात ठेवून दिला! बँकेचे मेसेजही त्याच फोनवर. मला ते ऐकून धडकी भरली. सब-युजरला त्याच्या स्वतःच्या नंबरवर ओटीपी येतो, एवढी गोष्ट माहीत असती तर ही वेळ आली नसती. आमच्याकडे तोवर वेगळे आयडी झाले होते, त्यामुळे १ एप्रिल हा आमच्यासाठी साधा मंगळवार होता.

केळीची गोष्ट निराळी. ताज्या फळांना ई-वे बिल लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं तिथे काळजीचं कारण नाही. उलट आहे. कंटेनर सावद्याच्या पॅकहाऊसवर भरला, तापमान तेरा-चौदा अंशांवर लावलं, सील मारलं, की पोर्टच्या गेटमधून आत सोडण्याचा कागद, फॉर्म १३, निघतो. त्याच्याबरोबर कंटेनर नंबर, सील नंबर, गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल ही सगळी माहिती फिरते. आमच्याकडे ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरायची. एकदा मी त्या ग्रुपमधली नावं मोजली, बासष्ट होती. त्यातली अकरा माणसं आमच्याकडे किंवा पार्टीकडे आता कामालाच नव्हती. दोन नंबर कुणाचे, ते कुणालाच सांगता आलं नाही.

यात काय बिघडतं, असं सुपरवायझर म्हणाला, तेव्हा मी त्याला अँटवर्पची गोष्ट सांगितली. बेल्जियमचं हे बंदर. दक्षिण अमेरिकेतून येणाऱ्या कंटेनरांत तस्कर अंमली पदार्थ लपवत, लाकडात आणि केळीतसुद्धा. २०११ पासून दोन वर्षं त्यांच्यासाठी हॅकर काम करत होते. आधी कर्मचाऱ्यांना फसवे ईमेल पाठवून कॉम्प्युटरमध्ये शिरले. ते पकडलं गेलं आणि बंदोबस्त वाढला, तर ऑफिसात घुसून कॉम्प्युटरला छोटी उपकरणं लावून आले, दाबलेली प्रत्येक की टिपणारी. कंटेनर कुठे आहे आणि तो सोडवायचा कोड काय, हे मिळालं की खऱ्या मालकाच्या आधी यांचा ट्रक हजर. बिचाऱ्या केळीच्या मालकाला आपल्या पेट्यांबरोबर काय आलं होतं तेही माहीत नसायचं. कंटेनरचा नंबर आणि वेळ हीच किल्ली असते, ती बासष्ट लोकांच्या खिशात ठेवू नये. आता ज्या ट्रिपचे जे चार जण आहेत त्यांनाच माहिती जाते. आणि यूपीएसवाला, प्रिंटरवाला आला तर कुणीतरी शेजारी बसतं. आधी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवून आम्ही जेवायला जायचो.

ड्रायव्हर लोकांबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण त्यांचा विचार कुणी करत नाही. आज ड्रायव्हरच्या फोनमध्ये काय काय असतं? पार्टीचं ट्रिपचं ॲप, पोचपावतीचा फोटो, डिझेल कार्डाचा पिन, फास्टॅगचे मेसेज, घरच्यांची बँक. आणि तो फोन क्लीनरच्या हातात असतो, ढाब्यावर चार्जिंगला असतो, मोकळ्या वेळात शेजारच्या गाडीवाल्याकडे असतो. आमचे एक काका आहेत, साठीला आलेले, पारोळ्याकडचे. डिझेल कार्डाचा पिन त्यांनी कार्डाच्याच मागे मार्करने लिहून घेतला होता, क्लीनरकडून. मी रागावणार होते. ते म्हणाले, ''माले लिखता येत नही ताई, मंग ध्यानमा कसं ऱ्हाई?''

मी म्हटलं, निदान फोनला बोट लावा, तिथे पिनची गरजच नको. बोट लागेना. उजव्या हाताची, डाव्या हाताची, दहाही बोटं लावून पाहिली. चाळीस वर्षं रस्सी ओढून आणि ताडपत्री बांधून त्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत. तो फोन बनवणाऱ्याने असा हात कधी पाहिला नसेल. मग मी त्यांना म्हटलं, काका, तुमच्या आयुष्यातला असा आकडा आठवा जो दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. गाडीचा नंबर नको, जन्मसाल नको. ते बराच वेळ विचार करत बसले, मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते मला तो सांगायलाच लागले. मी कानांवर हात ठेवले. ''मालेबी सांगू नका,'' मी म्हटलं, तेव्हा त्यांना माझं म्हणणं पहिल्यांदा पटलं. पुढे त्यांनीच इतर ड्रायव्हरांना सांगितलं, ताईलेबी नंबर माहीत नही मना.

सध्या ड्रायव्हरांच्या फोनवर ई-चलनाचे खोटे मेसेज येतात. तुमच्या गाडीवर दंड आहे, सोबतची फाईल उघडून पाहा. ती फाईल म्हणजे ॲप असतं. ते फोनमध्ये बसलं की येणारे एसएमएस वाचतं, ओटीपीसुद्धा. ज्या माणसाला खरंच महिन्याला दोन चलनं येतात तो घाबरून उघडणारच, त्यात त्याचा मूर्खपणा नाही. आम्ही एवढंच ठरवलं की चलनाचा मेसेज आला की उघडायचा नाही, मला फोन करायचा, मी सरकारी साइटवर गाडी नंबर टाकून पाहते. रात्री दोनलाही करायचा. उघडलाच असेल तर लपवायचं नाही, कुणी रागावणार नाही, फोन बंद करायचा आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला कळवायचं. रागावणार नाही हे मी प्रत्येकाला तोंडाने सांगितलंय, कारण माणूस भीतीपोटी गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं.

हे सगळं होऊनही आप्पांना एक शंका होती. आपल्यासारख्या छोट्या धंद्याकडे कोण बघतंय? मोठ्यांचं ठीक आहे. २७ जून २०१७ ला मर्स्कसारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीची कामं नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प झाली. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून तो शिरला आणि त्याचा फटका थेट आपल्या न्हावा शेव्यातल्या एका टर्मिनलला बसला. त्यांनी दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. आप्पा म्हणाले, त्यांच्याकडे माणसं आहेत, पैसा आहे, ते उभे राहतील.

म्हणून मी त्यांना इंग्लंडमधल्या ट्रान्सपोर्टची बातमी वाचून दाखवली. केएनपी, १५८ वर्षांचा जुना धंदा, घोडागाडीच्या काळात सुरू झालेला. पाचशे ट्रक. २०२३ मध्ये चोर, बहुधा एका कर्मचाऱ्याचा सोपा पासवर्ड ओळखून, आत शिरले, त्यांनी सगळी माहिती कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. कंपनी बुडाली, सातशे माणसं घरी बसली. आप्पांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ''पाचशे गाड्या?'' पुन्हा विचारलं, ''एका पासवर्डमुळे?'' मग बराच वेळ ते रस्त्यावरून जाणारे ट्रेलर पाहत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी ऑफिसात हजर. म्हणाले, हिशेबाच्या कॉम्प्युटरची दुसरी कॉपी कुठे ठेवतेस? तेव्हा ती कॉपी त्याच कॉम्प्युटरला लावलेल्या डिस्कवर असायची. आता दोन डिस्क आहेत, आलटून पालटून. एक लागलेली असते तेव्हा दुसरी कपाटात असते, कशालाही न जोडलेली.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. खरं कळल्यावर मी आप्पांना मेसेज दाखवला. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत असं वहिनींनी सांगितलं. रविवारी आम्ही दोघं साक्रीकडे त्याच्या गावी गेलो. अडकवलेला पगार पाकिटात होता, त्यावर अजून तीन महिन्यांचा. तो सुरतेला लागला होता, कापडाच्या ट्रान्सपोर्टमध्ये, पण योगायोगाने घरी आलेला होता. आप्पा ओट्यावर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, ''भाऊ, मनी चूक व्हयनी.'' मी म्हटलं, माझीही, मी त्या दिवशी गप्प बसले. त्याच्या आईने चहा आणला. त्याने आपल्या महिन्याचा पगार मोजून घेतला, वरचे पैसे परत दिले. परत येतोस का, असं आप्पांनी विचारलं. नाही म्हणाला, सरळ, राग न आणता.

यंदा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आधी ताई बरी आहेस का, मुलं काय करतात वगैरे झालं. मग म्हणाला, नव्या ऑफिसात सेठनी त्याला स्वतःचाच आयडी-पासवर्ड देऊन टाकलाय, अजून सहा जण तोच वापरतात, आणि त्याला तो नकोय. सेठला कसं सांगू, आणि त्यांनी हो म्हटलंच तर सब-युजर कुठून बनवायचा? मी पदराला हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि पहिल्या पानापासून त्याला सांगत गेले. तो तिकडे वहीत लिहून घेत होता, मध्येच 'थांब ताई' म्हणत होता. वीस-पंचवीस मिनिटं लागली.